वय झालं म्हणजे नक्की काय झालं?

या विषयावर लिहीन लिहीन म्हणत बरेच महिने गेले. म्हातारपणी आजाराबद्दल लिहायला घेतलं की वाचणाऱ्याला वाटतं, आता बाई औषधांची यादी वाचून दाखवणार. तसं मी करणार नाही. मला बोलायचं आहे ते आपल्या तोंडात बसलेल्या दोन शब्दांबद्दल. 'वय झालं.' व्याकरणाच्या दृष्टीनं हे पूर्ण वाक्य आहे. कर्ता आहे, क्रियापद आहे. अर्थाच्या दृष्टीनं मात्र ते अर्धवट आहे. वय झालं, म्हणजे नक्की काय झालं? हा पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्याचं वय झालं तोही नाही आणि ज्यानं विचारायला हवा तोही नाही.

मला पार्किन्सन्स आहे हे २०२४ च्या जानेवारीत कळलं. तेव्हा माझं वय त्र्याहत्तर होतं. मेंदूविकारतज्ज्ञांनी मागचं सगळं खोदून खोदून विचारलं आणि म्हणाले, सुरुवात चार-पाच वर्षांपूर्वीची असावी. आता त्या चार-पाच वर्षांत मी दवाखान्याची पायरी चढले नव्हते असं मुळीच नाही. उजवा खांदा आखडला होता, त्याला शेक आणि व्यायाम झाले. पोट साफ होत नव्हतं, त्यावर चूर्ण झालं. चालणं मंदावलं म्हणून गुडघ्यांचा एक्स-रे निघाला, आणि सत्तरीच्या गुडघ्यात झीज दिसली नाही तरच नवल! प्रत्येक तक्रारीला तिचं तिचं उत्तर मिळालं, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी तेच शेपूट: "आता वय झालं, बाई."

यात मी कोणाला दोष देत नाही. खांदा खांद्याच्या डॉक्टरकडे गेला, पोट पोटाच्या डॉक्टरकडे. सगळ्या तक्रारी एका कागदावर एकाखाली एक मांडल्या असत्या तर बेरीज कदाचित आधी लागली असती. पण तसं मांडायला त्या एकाच गणितातल्या संख्या आहेत, हे आधी कळायला हवं ना!

आजार थोडक्यात सांगते. मेंदूच्या खालच्या भागात काही पेशी असतात, त्या डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. आपल्या हालचाली सहज आणि आपोआप होतात त्या बऱ्याचशा त्याच्या जोरावर. या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागल्या की हालचालींतली ती सहजता जाते. लोकांना पार्किन्सन्स म्हटलं की थरथरणारा हात आठवतो. पण सगळ्यांनाच कंप असतो असं नाही. मला तो नव्हता, आजही फारसा नाही. माझ्याकडे होत्या त्या खुणा वेगळ्या. वास येईनासा झाला होता. हे पुष्कळांच्या बाबतीत हालचालींच्या कितीतरी वर्षं आधी घडतं. झोपेत स्वप्न पडलं की माणूस ओरडतो, हातपाय झाडतो. चालताना एका बाजूचा हात हलत नाही, अंगाला चिकटल्यासारखा राहतो. आवाज बारीक होतो. पापण्या कमी मिटतात. चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात. अक्षर लहान होत जातं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. यातली किती लक्षणं ज्याची त्याला दिसतात? आपण झोपेत ओरडतो हे आपल्याला कसं कळणार? चालताना आपला हात हलत नाही हे कोणी स्वतःच पाहत चालतं का? हातच्या काकणाला आरसा लागत नाही हे खरं, पण तोंडाला लागतो. आणि आरशातही आपण भांग नीट पडला की नाही तेवढंच पाहतो, चेहरा बोलतो की नाही ते पाहत नाही. वास गेला हेसुद्धा मला कळलं नव्हतं. नसलेली गोष्ट नाही हे कळायला कोणीतरी "काय घमघमाट सुटलाय!" म्हणावं लागतं, तेव्हा आपण म्हणतो, "अगं, मला कसा नाही आला?"

या आजाराचा इतिहास मी नंतर वाचला आणि त्यातली एक गोष्ट मनात घर करून राहिली. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनमधल्या डॉक्टरनं १८१७ साली या 'कंपवाता'वर एक निबंध लिहिला. त्यात त्यानं अवघ्या सहा माणसांची वर्णनं केली आहेत. त्यातली काही त्याला रस्त्यात भेटलेली, आणि एकाला तर त्यानं नुसतं लांबून पाहिलेलं! म्हणजे ज्या आजाराला पुढे त्याचं नाव मिळालं, तो त्यानं दवाखान्यात बसून शोधला नाही. रस्त्यानं जाणारा माणूस कसा चालतो, कसा वाकतो, हे तो पाहत राहिला. आज दोनशे वर्षांनंतरही हा आजार ओळखायची मुख्य रीत तीच आहे. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत तो सापडत नाही. माझ्या डॉक्टरांनी मला बोटं एकमेकांवर आपटायला सांगितली, मनगट फिरवून पाहिलं, दारापर्यंत चालत जाऊन वळून यायला सांगितलं, चार ओळी लिहायला लावल्या. थोडक्यात, त्यांनी माझ्याकडे दहा मिनिटं नीट पाहिलं.

आणि इथंच माझ्यासारख्यांची अडचण आहे. मी सांगलीत एकटी राहते. आमचे हे २०१६ साली गेले. मुलगी आणि जावई बंगळुरूला. एकटं राहणं मला जड गेलेलं नाही. सकाळचा चहा, वर्तमानपत्र, दुपारी वाचन, संध्याकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चक्कर, असा माझा दिवस आहे आणि तो मला आवडतो. एकांत आणि एकाकीपणा यांतला फरक सांगणारे लेख पुष्कळ झाले आहेत, त्यात मला भर घालायची नाही. मला वेगळंच सांगायचं आहे. एकट्या माणसाला सोबत नसते हा फार मोठा प्रश्न नाही, रेडिओ असतो, पुस्तकं असतात, मैत्रिणींचे फोन असतात. त्याला साक्षीदार नसतो, हा प्रश्न आहे. हे असते तर दुसऱ्या रात्रीच म्हणाले असते, "काय ओरडत होतीस गं, कोणाशी भांडत होतीस?" आमटीत हिंग जास्त झाला असता तर पहिल्या घासाला कळलं असतं. पोळ्या लाटायला आता अर्ध्याऐवजी एक तास लागतो, हेही कोणीतरी घड्याळाकडे पाहून बोललं असतं. माझ्या एकटीच्या दोन पोळ्यांना किती वेळ लागतो ते पाहायला घड्याळाकडे बघायचं कारणच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, माणसं भेटत नव्हती का? भेटत होती की! रोज भेटत होती. पण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला मान फार आणि निरखणं कमी. जुने विद्यार्थी रस्त्यात भेटतात, तिथंच वाकून नमस्कार करतात, "बाई, तुम्ही अजून तशाच आहात" म्हणतात आणि स्कूटरला किक मारतात. बाईंचा उजवा हात चालताना हलत नाही, असं बाईंना कोण सांगणार? शेजारणींच्या लक्षात आलं होतं, हे मला नंतर समजलं. एक म्हणाली, "मला वाटलं होतं हो, पण तुम्हाला कसं बोलायचं?" तिचंही बरोबर आहे. धडधाकट माणसाला 'तुमची तब्येत बरी दिसत नाही' म्हणणं आपल्याकडे अशुभ धरतात. तरण्या माणसाला आपण "किती वाळलास रे" म्हणून तोंडावर सांगतो. म्हाताऱ्यांच्या बाबतीत मात्र माणसं आपसांत बोलतात, "थकल्यात आता." थकल्यात म्हणजे पुन्हा तेच, वय झालं.

या दोन शब्दांनी माझं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते खांद्याचं किंवा गुडघ्याचं नव्हे. मुलगी दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. दोन-अडीच वर्षं आमच्या बोलण्यात एक विचित्र ताण आला होता. ती विचारायची, "आई, रागावलीयेस का?" मी म्हणायची, "नाही गं." पाच मिनिटांनी पुन्हा, "मग अशी का बघतेस?" नातवाचं बक्षीस दाखवलं, मी "छान!" म्हटलं, आणि तिला ते खोटं वाटलं. एकदा तर ती स्पष्टच म्हणाली, "तुला आमचं काही आवडेनासंच झालंय." मी दुखावले, कारण मी मनापासून हसत होते. माझ्या मते मी हसत होते! पडद्यावर मात्र एक कोरा, ताठ चेहरा तिच्याकडे टक लावून पाहत होता. तिनं मनाशी समजूत घातली, वय झालं की माणसं अशी तुसडी होतात. मीही मनाशी म्हटलं, मुलं दूर गेली की अशी हळवी होतात. एका स्नायूंच्या ताठरपणाला आम्ही दोघींनी स्वभाव म्हटलं आणि त्यावर अडीच वर्षं भांडलो. आजाराचं नाव कळलं त्या रात्री तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ रडली. म्हणाली, "म्हणजे तू हसत होतीस?"

म्हणून कोणी मला विचारलं, "या वयात नाव कळून काय फरक पडतो? आजार थोडाच बरा होणार आहे?" तर माझ्याकडे उत्तर आहे. आजार बरा होत नाही, त्याची वाढ थांबवणारं खात्रीचं औषध आज तरी नाही, हे खरं. पण नाव नसतं तेव्हा त्या जागी दुसरं काहीतरी नाव बसतं. तुसडी, आळशी, विसराळू, हट्टी. शाळांतून एकेकाळी असंच होतं. वाचताना अक्षरं उलटीपालटी दिसणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणत, आणि 'ढ' म्हटलं की पुढे विचार करायची गरज उरत नसे. २००७ साली 'तारे जमीन पर' आला आणि घराघरांत डिसलेक्सिया हा शब्द माहीत झाला. मुलं तीच होती, अक्षरंही तीच. शेरा बदलला म्हणून वागणूक बदलली. 'वय झालं' हा म्हाताऱ्यांच्या प्रगतिपुस्तकावरचा 'ढ' आहे.

माझा शेरा बदलला तो एका बँकेतल्या कारकुनामुळे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२३ च्या नोव्हेंबरात सही जुळेना. त्या मुलानं तीनदा सही करायला लावली. मग जुनी सही आणि नवी सही शेजारी शेजारी ठेवून म्हणाला, "बाई, सही तीच आहे हो, पण निम्मी झालीय. माझ्या आजोबांची अशीच झाली होती. डॉक्टरांना दाखवा." एकतीस वर्षं मी फळ्यावर शेवटच्या बाकाला दिसेल असं अक्षर काढलं. माझं अक्षर आकसलं आहे हे पाहणारा पहिला माणूस निघाला तो काउंटरच्या पलीकडचा, ना ओळखीचा ना पाळखीचा. त्याला माझा मान राखायचा नव्हता, सही जुळवायची होती. म्हणून त्यानं पाहिलं.

आता गंमत पाहा. हा हयातीचा दाखला घरबसल्या देता यावा म्हणून सरकारनं २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही सोय आणली. २०२१ पासून तर मोबाइलसमोर चेहरा धरला तरी चालतो. अंथरुणाला खिळलेल्यांना हे वरदानच आहे, त्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण मोबाइल माझा चेहरा पाहून एवढंच सांगतो की ही तीच बाई आहे आणि ती जिवंत आहे. तो चेहरा हसत का नाही, हे विचारणं त्याच्या कामात बसत नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक १० कोटी ३८ लाखांच्या आसपास होते, आज ते त्याहून कितीतरी जास्त असणार. त्यांच्यासाठी २००७ सालचा कायदा आहे, त्यात मुलांकडून पोटगी मिळवण्याची तरतूद आहे. १४५६७ ही हेल्पलाइन आहे. ज्यांना टाकून दिलं आहे त्यांच्यासाठी हे सगळं हवंच. मला मात्र कोणी टाकलेलं नाही. माझ्यासारख्या, बऱ्यापैकी सुखात एकट्या राहणाऱ्या माणसांचा प्रश्न कायद्यानं सुटण्यातला नाही. तो आपला आपणच सोडवायला हवा.

मी काय करते ते सांगते, पटलं तर घ्या. एक म्हणजे, दर महिन्याच्या एक तारखेला एका वहीत त्याच चार ओळी लिहिते, खाली तारीख. आजाऱ्यानंच नव्हे, साठीनंतर प्रत्येकानं हे करावं असं माझं मत आहे. दुसरं, वर्षातून एकदा घरात कोणी आलं की आपल्या चालण्याचं मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रीकरण करून ठेवावं. लग्नामुंजींची तासन् तास करतोच की! तिसरं, डॉक्टरकडे जाताना सगळ्या तक्रारी एकाच कागदावर न्याव्यात, पोटाच्या डॉक्टरलाही खांद्याची सांगावी. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. आठवड्यातून एकदा तरी भेटणारं एक माणूस निवडावं आणि त्याला तोंडानं सांगावं, "माझ्यात काही बदल दिसला तर मला बोल. मला वाईट वाटणार नाही." ही परवानगी आपण दिल्याशिवाय आपल्याकडे कोणी बोलत नाही. मी ती शेजारणीला दिली आहे. परवा ती म्हणाली, "आज तुम्ही दार उघडायला फार वेळ लावलात." दोन वर्षांपूर्वी हे वाक्य ती गिळून गेली असती.

औषधाबद्दल एवढंच, की लेवोडोपाच्या गोळीनं मला खूपच फरक पडला. ती जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी लागते, कारण डाळ, दूध, दही यांतल्या प्रथिनांशी तिचं पटत नाही. त्यामुळे माझं घर आता शाळेसारखं घंटेवर चालतं. आपल्या खाजकुइलीच्या बियांतही हेच लेवोडोपा असतं, आयुर्वेदात तिचा वापर जुना आहे. म्हणून काही जण मला ते चूर्ण आणून देतात. त्यांचा जिव्हाळा मी घेते, चूर्ण कपाटात ठेवते. गोळीबरोबर तेही घेतलं तर मात्रा किती झाली याचा हिशेब राहत नाही. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी घेऊ नये. बाकी रोजचा व्यायाम, आणि मोठ्यानं वाचन. आवाज बारीक होऊ नये म्हणून मी रोज वीस मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख वर्गात वाचावा तसा खणखणीत वाचते. समोर एकही विद्यार्थी नसतो, त्यामुळे शांतता उत्तम असते!

मुलीचा आग्रह आहे की मी आता बंगळुरूला यावं. तिचं म्हणणं खोटं नाही. हा आजार वाढत जाणारा आहे, पडण्याची भीती राहणार, आणि एक दिवस मला जावं लागेल हे मला कळतं. फक्त त्या दिवसाचं कारण 'आता वय झालं' हे नसावं एवढं मी तिला सांगितलं आहे. जिना चढता येईना, गोळीचा परिणाम टिकेना, रात्री कूस बदलता येईना, यांपैकी काय होईल तेव्हा मी येईन, हे आम्ही दोघींनी बसून लिहून काढलं आहे. तो कागद फ्रिजवर लावला आहे, एक प्रत तिच्याकडे आहे. शेजारणीलाही वाचून दाखवला. तिनं एक मुद्दा वाढवायला लावला: बाई फोनवर खोटं बोलायला लागल्या, तर मी कळवीन. मी त्यावर सही केली आहे. लहान आहे, पण वाचता येते.